सातबाऱ्यावर न आलेली शेती : ठाणे-बेलापूर पट्ट्यातील गावठाणांच्या वादाचा प्रकरण अभ्यास

पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात दिघा, ऐरोली, रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली, कोपरखैरणे, बोनकोडे, जुहूगाव, वाशी, तुर्भे, सानपाडा, शिरवणे, नेरूळ, करावे, दिवाळे, शहाबाज अशी गावे आहेत. आज ती सगळी नवी मुंबई महानगरपालिकेत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी एकाच प्रकारचा वाद अनेक वर्षे चालू आहे. गावठाणाच्या जुन्या हद्दीला लागून प्रकल्पग्रस्त कुटुंबांनी, म्हणजे नवी मुंबई शहरासाठी ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या त्यांनी, घरे बांधली. शासनाच्या कागदांत त्या जागा संपादित झालेल्या असल्याने ही बांधकामे अनधिकृत ठरली. गावकरी त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. नोटिसा निघतात, मोर्चे निघतात, कारवाई थांबते, पुन्हा नोटिसा निघतात. वर्तमानपत्रांतून हा वाद नगररचनेचा, बांधकाम परवानगीचा किंवा मतांच्या राजकारणाचा म्हणून मांडला जातो.

माझ्या मते तो मुळात शेतीचा वाद आहे, आणि तो संपादनाची अधिसूचना निघाली त्या १९७० साली सुरू झालेला नाही. या गावांतली शेती जशी प्रत्यक्षात चालत होती आणि महसुली दप्तराने तिची जशी नोंद ठेवली, त्या दोहोंमध्ये दीडशे वर्षांपूर्वीपासून अंतर आहे. संपादन दप्तरातल्या शेतीचे झाले, भरपाईही तिचीच मिळाली. जी शेती कागदावर आलीच नव्हती ती कोणीही मोजली नाही, आणि पुढची प्रत्येक सवलत त्याच अपुऱ्या कागदावरून आखली गेली. या अभ्यासात तो धागा मागे जाऊन पाहायचा आहे.

खाजणातली शेती

या गावांकडे दोन प्रकारची जमीन होती. डोंगराच्या पायथ्याची गोडी जमीन आणि खाडीकडची खारी जमीन. खारी जमीन निसर्गाने दिलेली नव्हती. भरतीचे पाणी अडवण्यासाठी मातीचा बाहेरबांध घालायचा, पावसाचे पाणी बाहेर जाऊ देणारी पण भरतीचे पाणी आत येऊ न देणारी उघाडी बसवायची, दोन-तीन पावसाळ्यांच्या पाण्याने मातीतला खार उतरू द्यायचा आणि मग त्या चिखलात नांगरट न करता मोड आणलेले भाताचे बी फेकायचे, अशी ती पद्धत होती. खार सोसणाऱ्या तांबड्या भाताच्या रत्त्यासारख्या जाती इथे पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ अशी वाणे दिली, तेव्हा संशोधकांसमोर याच जमिनीचा प्रश्न होता.

बाहेरबांध एका शेतकऱ्याचा कधीच नसे. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपू लागले आणि वेळीच लक्ष गेले नाही, तर मोठ्या उधाणात खांड पडते आणि एका रात्रीत साऱ्या गावाचे भात खारवते. त्यामुळे बांधबंदिस्ती हे सामाईक काम होते. कोणी किती माणसे द्यायची, माती कुठून काढायची, उघाडीवर लक्ष कोणी ठेवायचे, याचे गावकीचे नियम होते. कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्याच्या १८८३ सालच्या गॅझेटियरमध्ये शिलोत्री जमिनींचे वर्णन आढळते. तिथे बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदाराकडे असे आणि त्याबद्दल त्याला पिकाचा हिस्सा मिळे. म्हणजे खारभूमीत पीक काढणारा, बांध राखणारा आणि सारा भरणारा या तीन वेगळ्या व्यक्ती असू शकत होत्या, आणि तिघांचाही त्या जमिनीशी खरा संबंध होता.

भाताखेरीज याच पट्ट्यातून माणसे जगत होती ती आणखी तीन-चार गोष्टींवर. उघाडीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यातली मासळी, खाजणातल्या चिंबोऱ्या आणि निवट्या, तलावात वाढवलेला जिताडा, भात झाल्यावर मिठागरातली मजुरी. आगरी आणि कोळी कुटुंबांच्या वर्षाचा मोठा भाग यातच जाई. डोंगराच्या बाजूला गोड्या जमिनीत भाताचे रोप तयार करायला राब भाजावा लागे आणि त्यासाठी फांद्या, पालापाचोळा रानातून आणावा लागे. १८७८ च्या वन कायद्यानंतर राबाच्या या गरजेवर निर्बंध आले, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष उसळला की १८८५ साली सरकारला त्यासाठी वन आयोग नेमावा लागला. शेत शेतकऱ्याच्या नावावर होते, पण त्या शेताला लागणारे रान नव्हते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यामागेही रानावरच्या या जुन्या हक्काचीच खदखद होती.

नोंद कशाची झाली

ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात १८४७ च्या संयुक्त अहवालापासून जमीन मोजणीची जी पद्धत रूढ झाली, तिचे एकक सर्व्हे नंबर हे होते. एक तुकडा, एक आकार आणि सारा भरण्यास बांधील एक खातेदार. सारा वसूल करण्यासाठी ती अत्यंत सोयीची होती आणि तिचा काटेकोरपणा आजही थक्क करतो. मात्र जे साऱ्यासाठी मोजायचे नव्हते ते त्यात आले नाही. बाहेरबांधाचे श्रम, उघाडीच्या मासळीचा हक्क, खळ्याची जागा, गुरे चारण्याचे खाजण यांपैकी काही गोष्टी सरकारी पड म्हणून नोंदल्या गेल्या आणि काही अजिबातच नोंदल्या गेल्या नाहीत. वस्तीच्या जागेला साऱ्यातून सूट असल्याने ती ‘गावठाण’ म्हणून एका रेषेत बंद करण्यात आली. आत कोणाचे घर केवढे आहे याची तपशीलवार मोजणी बहुतेक खेड्यांत झालीच नाही. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने ही व्यवस्था पक्की केली आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, कलम १२२ अन्वये गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे राहिला.

हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला. फेरफार आणि सातबारा यांची आजची घडण त्यातून उभी राहिली. पण कसणाऱ्याचे नाव त्यात आपोआप आले नाही. कुलाब्यात खोत आणि ठाण्यात सावकार किंवा शहरात राहणारे जमीनमालक खातेदार होते आणि प्रत्यक्ष कसणारा कूळ वर्षावर्षाच्या खंडावर जमीन करी. अलिबागजवळच्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जो संप केला, तो सुमारे सहा वर्षे चालला. कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला, शेते पड राहिली, माणसांनी मोलमजुरीवर आणि रानातल्या लाकडांवर दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली चरीला आले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ आणि १९४८ चे कुळकायदे आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा ही या संघर्षानंतरची वाटचाल आहे.

१ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळकायद्याने कूळ हा मानीव खरेदीदार, म्हणजे जमीन विकत घेतली असे मानला जाणारा, झाला. व्यवहारात मात्र शेतजमीन न्यायाधिकरणापुढे कलम ३२ग ची चौकशी व्हायची, किंमत ठरायची, ती हप्त्यांनी भरायची, कलम ३२म चे प्रमाणपत्र मिळवायचे आणि मग फेरफार नोंदवायचा, असा तो लांबचा रस्ता होता. ज्याचे नाव पीकपाहणीत लागलेले नव्हते त्याला आपण कूळ आहोत हेच आधी सिद्ध करावे लागे. जमीन मिळाल्यावरही कलम ४३ प्रमाणे ती परवानगीवाचून विकता येत नसे. या पट्ट्यातल्या वृद्धांशी बोलताना ‘कुळकायद्यात जमीन आली’ हे वाक्य अजून अभिमानाने उच्चारले जाते, आणि तो अभिमान किती थोडी वर्षे टिकला हे पाहिले की मन विषण्ण होते.

तेरा वर्षे

३ फेब्रुवारी १९७० रोजी भूसंपादन कायदा, १८९४ च्या कलम ४ खाली अधिसूचना निघाली आणि १७ मार्च १९७० रोजी नवे शहर वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. त्याआधीच, १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांसाठी जमिनी घ्यायला सुरुवात केली होती. कृषक दिनापासून या अधिसूचनेपर्यंत जेमतेम तेरा वर्षे जातात. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसलेल्या कुटुंबाला मालकीचा कागद हाती येतो न येतो तोच ती जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी मागितली गेली.

शहराच्या कल्पनेत दुष्टावा नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडलेला विचार मुंबईची कोंडी फोडण्याचा होता, आणि खाडीपलीकडची जमीन सट्टेबाजांच्या हाती न जाता सार्वजनिक मालकीत राहावी, तिच्या वाढत्या किमतीतून रस्ते, पाणी, रेल्वे उभे राहावे, ही त्याची आर्थिक बाजू निःसंशय विचारपूर्वक योजलेली होती. प्रश्न असा की ती वाढीव किंमत ज्याच्या जमिनीतून येणार होती, त्याचा तीत वाटा किती. १८९४ च्या कायद्याचे उत्तर स्पष्ट होते. बाजारभाव कलम ४ च्या अधिसूचनेच्या तारखेचा धरायचा, आणि कलम २४ प्रमाणे, ज्या कामासाठी जमीन घेतली जात आहे त्या कामामुळे तिची किंमत पुढे वाढणार असेल तर ती वाढ विचारात घ्यायची नाही. भातशेत हे भातशेत म्हणूनच मोजले गेले. त्यातच अनेक ठिकाणचे निवाडे प्रत्यक्षात १९८६ साली झाले, कारण १९८४ च्या दुरुस्तीने प्रलंबित प्रकरणांतील निवाड्यासाठी दोन वर्षांची मुदत घातली. एव्हाना वाशीचा पूल होऊन तेरा वर्षे उलटली होती आणि शेजारच्या भूखंडांचे दर गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते, तरी मोजमापाची मूळ तारीख १९७० चीच राहिली.

आणि निवाडा कशाचा? सर्व्हे नंबरचा, त्यातल्या झाडांचा, विहिरीचा, बांधकामाचा. बाहेरबांधासाठी आजोबा-पणजोबांनी वाहिलेल्या मातीचा हिशेब कोणत्याही रकान्यात बसत नव्हता. उघाडीवरची मासळी, चिंबोऱ्या, मिठागरातली हंगामी मजुरी हे तर जमिनीवरचे हक्कच नव्हते. ज्या कुळाचा फेरफार अपुरा राहिला होता त्याला भरपाईच्या वाटपासाठी जुन्या मालकाशी भांडावे लागले. भूमिहीन मजूर, मिठागर कामगार आणि बलुतेदार यांचा विचार बराच उशिरा आणि फार लहान भूखंडांपुरता झाला.

साडेबारा टक्क्यांचे गणित

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई, दास्तान फाटा परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. मागणी दरवाढीपुरती नव्हती. विकसित जमिनीत वाटा द्या, असे आंदोलक म्हणत होते. १८९४ च्या कायद्याने जे स्पष्टपणे नाकारले होते तेच त्यांनी मागितले, आणि ६ मार्च १९९० च्या शासन निर्णयाने ते अंशतः मिळाले. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना देण्याची ही योजना देशभर उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि तिचे श्रेय या आंदोलनाला आहे यात मला शंका नाही. २०१४ साली नवी मुंबई विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांसाठी हाच वाटा साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेला. २४ जून २०२१ रोजी बेलापूरच्या सिडको भवनावर निघालेला मोर्चा विमानतळाला दि. बां.चे नाव देण्यासाठी होता. त्यात तरुणांची मोठी संख्या पाहिली तेव्हा १९८४ ही गोष्ट या गावांत जुनी झालेली नाही हे कळले.

तरीही गणित करून पाहावे. समजा एका कुटुंबाची एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन गेली. साडेबारा टक्के म्हणजे १,२५० चौरस मीटर. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात, हाती ८७५ चौरस मीटर राहतात. १९७० साली खातेदार असलेल्या माणसाला पाच वारस असतील, तर प्रत्येकाला १७५ चौरस मीटर. वाटपास वर्षे लागली तर वारसांचे वारस येतात, मुलींची हक्कसोडपत्रे घेतली जातात, आणि कित्येकदा ती कशासाठी घेतली जात आहेत हे त्या बहिणींना नीट सांगितलेही जात नाही. वाटप लांबत गेल्याने अनेकांनी भूखंड मिळण्याआधीच कुलमुखत्यारपत्र देऊन किंवा त्रिपक्षीय कराराने आपला हक्क विकासकाला दिला. ज्यांनी भूखंड स्वतः घेतला त्यांनाही तो मालकीने मिळाला नाही, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाला. मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते. आजोबा कूळ होते, वडील कुळकायद्याने मालक झाले आणि मुलगा पुन्हा पट्टेदार झाला.

या योजनेचा पायाही संपादित सातबारा हाच होता. ज्याचे क्षेत्र निवाड्यात कमी लागले त्याचे साडेबारा टक्केही कमी, आणि ज्याचे नावच नव्हते त्याला काही नाही.

घर कुठे बांधायचे

आता गावठाणाकडे येतो. गावठाणाची रेषा ज्या लोकसंख्येसाठी आखली गेली ती केव्हाच मागे पडली होती. इतर खेड्यांत कुटुंब वाढले की माणूस गावाला लागून असलेल्या आपल्या शेतात किंवा खळ्यावर घर घालतो, अकृषिक परवानगी घेतो, किंवा शासन गावठाण विस्तार मंजूर करते. नवी मुंबईत गावठाणाच्या रेषेबाहेरचा जवळजवळ प्रत्येक सर्व्हे नंबर संपादनात गेल्यामुळे ही वाट बंद झाली. गावठाण विस्ताराचे आश्वासन होते, पण गरजेच्या मानाने तो झाला नाही. १९७० साली लग्न झालेल्या जोडप्याच्या नातवंडांची आता लग्ने होत आहेत, आणि ती सगळी त्याच रेषेच्या आत मावणे शक्य नव्हते. म्हणून खळ्यावर, गोठ्याच्या जागेवर, परसात घरे उभी राहिली. गावाच्या स्मरणात त्या जागा नेहमीच वस्तीचा भाग होत्या. नकाशात त्या शेती म्हणून रंगवलेल्या होत्या आणि म्हणून संपादित झाल्या. २०२२ साली शासनाने गावठाणालगतची अशी घरे भाडेपट्ट्याने नियमित करण्याचा निर्णय घेतला. त्यावर गावांत जो आक्षेप ऐकू येतो तो पैशांपेक्षा जास्त भाडेपट्टा या गोष्टीला आहे, आणि वर दिलेला इतिहास पाहता तो समजण्यासारखा आहे.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडली पाहिजे. गरजेच्या नावाखाली ठेकेदारांशी संगनमत करून बहुमजली इमारती उठवल्या गेल्या, त्यांतली घरे बाहेरून आलेल्या मध्यमवर्गीयांना विकली गेली. दिघ्यातील ९९ अनधिकृत इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले तेव्हा रस्त्यावर आलेल्या कुटुंबांनी आयुष्याची बचत त्यात घातलेली होती. अरुंद गल्ल्यांत अग्निशमनाची गाडी जात नाही, मलनिःसारणाच्या वाहिन्यांवर भार येतो. कुटुंबाने स्वतःसाठी बांधलेले घर आणि विक्रीसाठी उठवलेली सात मजली इमारत यांना एकाच शब्दाखाली झाकणे हा खऱ्या प्रकल्पग्रस्तावरच अन्याय आहे, आणि हे गावातल्या जाणत्या माणसांनीही उघडपणे बोलायला हवे.

बांध फुटल्यावर

शेती संपादित झाली तेव्हा बांधबंदिस्तीची गावकीही संपली, कारण जी जमीन आपली नाही तिच्या बाहेरबांधावर माती कोण टाकणार? उघाड्या मोडल्या, खांडी बुजल्या नाहीत, भरतीचे पाणी जुन्या भातखाचरांत आणि बंद पडलेल्या मिठागरांत शिरले, आणि काही वर्षांत तिथे तिवरांची दाटी झाली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीवर बंदी घातली. २०१५ साली ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिवरे वाचलीच पाहिजेत. पण आज जिथे तिवरे दिसतात तिथे पूर्वी कधी शेतीच नव्हती, असे गृहीत धरून जेव्हा नकाशे काढले जातात, तेव्हा त्या जमिनीवर ज्यांनी भात पिकवले त्यांना पर्यावरणाचे विरोधक ठरवले जाते. शहरानेही समुद्रसपाटीच्या त्याच अडचणीवर तोच उपाय योजला. भरतीला बंद होणारी झडप आणि पावसाचे पाणी साठवणारी धारण तलावांची योजना हॉलंडच्या अनुभवावरून आखली गेली. तलावांत आता गाळ आणि तिवरे वाढली आहेत आणि गाळ काढावा की नाही हा नवा वाद उभा आहे. खारभूमीतल्या शेतकऱ्याला उघाडीसमोरचा गाळ दर वर्षी काढावा लागतो हे ठाऊक होते. त्याला कोणी विचारले असते तर त्याने ते सांगितले असते.

नियमितीकरणाचा पुढचा टप्पा जेव्हा राबवला जाईल, तेव्हा आजचा उपग्रह नकाशा आणि संपादनाचा निवाडा एवढ्यावर भागणार नाही. मूळ मोजणीचे गावनकाशे, गाव नमुना सहाचे जुने फेरफार, गाव नमुना बारावरची १९५७ च्या आगेमागची पीकपाहणी आणि कलम ३२ग च्या चौकशीचे निर्णय ही कागदपत्रे प्रत्येक गावासाठी एकत्र लावून, गावठाणालगत खळी, गोठे आणि वाड्या कुठे होत्या हे गावसभेपुढे निश्चित केले, तर स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेले घर कोणते आणि व्यापारी बांधकाम कोणते हे वेगळे करता येईल, आणि पहिल्या प्रकारच्या घरांना भाडेपट्ट्याऐवजी मालकी देण्याला ठोस आधार मिळेल. ज्या कुटुंबांना नोटिसा आल्या आहेत त्यांनी शासनाची वाट न पाहता आपल्या संपादित सर्व्हे नंबरांच्या या चार नोंदींच्या प्रमाणित नकला तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयांतून मागवाव्यात. जुनी दप्तरे जीर्ण होत आहेत, आणि खळ्याची जागा बोट ठेवून दाखवू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.